‘र’ नसलेलं भाषण

"‘नमस्कार’ नाही चालणार," मी म्हणाले.

"का? त्याला काय झालं?" आई शेंगा फोडत बसली होती, तिनं मान वर केली नाही.

"शेवटी ‘र’ आहे."

"मग राम राम म्हनू दे की."

"आई, त्यात दोन आहेत."

आईनं एक शेंग फोडली, दाणे परातीत टाकले आणि टरफल माझ्या अंगावर फेकलं. "तुज्या त्या बाईला म्हनावं, बारा गावची मानसं जमनार, त्यांच्या म्होरं उभं ऱ्हायचं आनि रामराम बी घालायचा न्हाई? गुरं हायत व्हय ती?"

"नमस्ते," उंबऱ्यात बसलेला सिदूमामा म्हणाला. "त्यात न्हाई काय."

मी मनात अक्षरं तपासली. न, म, स, त. एकही अडणारं नव्हतं. मी आण्णांकडे पाहिलं. ते कॉटवर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी ओठ हलवून बघितले आणि मान डोलावली. पण तोंड असं केलं, की जणू कुणी बिनमिठाची भाजी वाढली आहे.

आमचे आण्णा, म्हणजे महिपती यादव, कुस्तीच्या मैदानातले निवेदक होते. वारणाकाठच्या कुठल्याही गावाची यात्रा असो, दुसऱ्या दिवशी मैदान आणि मैदानात माईकवर महिपती आण्णा, हे ठरलेलं. ते नुसती कुस्ती सांगत नसत. पैलवान आत आला की त्याचं गाव, त्याचं घराणं, त्याच्या आज्यानं कुठल्या साली कुणाला पाडलं, त्याची आई त्याला कसला खुराक घालते, सगळं सांगत. माणसं म्हणत, डोळे मिटून बसलं तरी कुस्ती दिसते. मला लहानपणी वाटायचं, की आण्णा सांगतात म्हणून पैलवान तसे डाव टाकतात.

आणि या माणसाला आयुष्यभर साथ होती तंबाखूची. गालात बार भरल्याशिवाय त्यांना सुचायचं नाही. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी जिभेचा शेंडा आणि उजवा काठ काढला. आण्णा वाचले. घरी आले तेव्हा आम्ही पेढे वाटले. बोलणं हळूहळू येईल, असं सगळे म्हणत होते.

पहिल्याच आठवड्यात ते कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि काडेपेटी मागितली. दुकानदाराला कळेना. त्यानं आधी काड्यांचा झाडू दाखवला, मग साबण. आण्णांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा पायरीवर बसलेल्या पोरांनी त्यांची नक्कल केली. आण्णा रिकाम्या हातानं परत आले आणि त्या दिवसापासून त्यांनी बोलणं बंद केलं. माझी शाळेतली जुनी पाटी त्यांनी माळ्यावरून काढली. पाणी हवं असलं तर पाटीवर ‘पाणी’. कुणी भेटायला आलं तर हे मागच्या दारानं शेताला. ज्या माणसाच्या आवाजानं मैदान उठायचं, त्या माणसाच्या घरात पेन्सिलीची किरकिर तेवढी ऐकू यायची. मी तेव्हा सांगलीला डी.एड. करत होते आणि रोज एसटीनं घरी येत होते. संध्याकाळी घरात पाऊल टाकायलाच नको वाटायचं.

मिरजेच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. आण्णा त्यांच्यासमोरही तोंड उघडेनात, तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "त्यांना बोला म्हणू नका. तुम्ही घरातले खेळा. रोज एक अक्षर घ्या. ते अक्षर असलेले शब्द शोधायचे. आधी सुरुवातीला असलेले, मग मध्ये, मग शेवटी. भांडा, ओरडा, चिडीचा डाव खेळा. त्यांच्या कानावर पडू द्या."

आई आधी म्हणाली, "ह्या वयात मला शाळंत घालतीस व्हय गं?" पण दोन दिवसांत तिला असा नाद लागला, की विचारू नका. चुलीपुढून ओरडायची, "भात! शेवटी ‘त’!" पाणी आणायला गेली तरी वाटेतून शब्द गोळा करून यायची. सिदूमामा हा आण्णांच्या बरोबरीचा हलगीवाला. मैदानात आण्णांचा आवाज आणि याची हलगी ही जोडी बैलजोडीसारखी. तोही रोज संध्याकाळी येऊ लागला, आणि तो होता पक्का लबाड. अडला की मनानं शब्द बनवायचा.

"हुतुतात," तो एकदा म्हणाला.

"हे काय?"

"हुतुतूत जो आत ऱ्हातो, तो हुतुतात."

"चल निघ," आई म्हणाली. "तुजा बाप हुतुतात."

आण्णा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. हसतात का झोपतात, काही कळायचं नाही.

एका संध्याकाळी ‘त’ मध्ये किंवा शेवटी असलेले शब्द चालले होते. शेत, सूत, पातेलं, कातडं, वातड सगळं संपलं होतं. आई ‘जातं’ दुसऱ्यांदा म्हणत होती आणि सिदूमामा ते नाकारत होता. दोघांचं चांगलंच जुंपलं. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला.

"माती."

‘त’ ओला आला, थोडा ‘थ’कडे झुकलेला. पण मातीच होती ती. आण्णांचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"मी त्येच म्हननार हुते," आई म्हणाली आणि तरातरा आत गेली. बराच वेळ आत भांडी वाजत होती. धुतलेलीच भांडी ती पुन्हा धूत होती.

मग गाडी हळूहळू रस्त्याला लागली. ‘त’ आला, ‘न’ आला, ‘स’ आला. ओठांची अक्षरं तर होतीच. ‘ण’ काही येईना, पण त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही; आमच्या गावात तो आधीपासूनच नव्हता. अडलं ते ‘र’, ‘ल’, ‘ळ’ आणि ट-ठ-ड-ढ या टोळीपाशी. बाई म्हणाल्या, "ही यायची नाहीत. जीभच तिथवर पोचत नाही. त्यांच्याशिवाय जमवा." आण्णा आमच्या तिघांशी दोन-दोन शब्द बोलू लागले. आम्हाला कळायचंही, कारण आम्हाला सवय झाली होती. बाहेरच्या माणसासमोर मात्र तोंडाला कुलूप ते कुलूपच.

अशात चैत्रातल्या यात्रेच्या आधी कमिटीचे अध्यक्ष जयसिंगतात्या घरी आले. आण्णा त्या दिवशी मागच्या दारानं पळाले नाहीत. तात्यांना खुर्ची देऊन समोर बसले.

"आण्णा," तात्या म्हणाले, "औंदा तुमचा सत्कार करायचा ठरलाय. भर मैदानात. शाल, श्रीफळ, फेटा. आनि... माईकचं म्हनाल तर ती जबाबदारी आपल्या धैर्यशीलवर टाकलीया. तुमच्या हस्ते माईक द्यायचा त्येला. तुमी नुसतं हात जोडा. पुरं झालं."

धैर्यशील तालुक्याच्या शाळेत खेळाचा शिक्षक होता. पोरगा गुणी होता, आवाजही खणखणीत. त्याच्याविषयी आमच्या मनात काही वाकडं नव्हतं.

आण्णांनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘मी बोलणार.’

तात्यांनी वाचलं, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आवो, कशाला तरास? मानसांना ठावं हाय सगळं."

आण्णांनी ‘बोलणार’खाली रेघ मारली. इतक्या जोरानं, की पेन्सिलीचं टोक मोडलं.

तात्या गेल्यावर आई मला गोठ्यात घेऊन गेली. म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "सुषमे, तिथं जर मानसं हसली, तर ह्यो मानूस परत कवा त्वांड उघडायचा न्हाई. तुज्याशी न्हाई, माज्याशी बी न्हाई. ध्यानात ठेव. काय करायचं ते नीट कर."

म्हणून तो खेळ आम्ही उलटा केला. आता अक्षर असलेले शब्द शोधायचे नव्हते, नसलेले शोधायचे होते. र नको, ल नको, ळ नको, ट ठ ड ढ ण कुणीच नको. ऐकायला सोपं वाटतं. पण करून बघा. मराठी माणसाला या अक्षरांशिवाय धड जेवायलाही मिळणार नाही. भाकरी गेली, डाळ गेली, पोळी गेली, ठेचा गेला. राहिला भात.

कुस्तीचं तर वाटोळंच. पैलवान गेला, मल्ल गेला, तालीम गेली, आखाडा, फड, डाव, पट, हलगी गेली. स्वतःची हलगी गेली म्हणून सिदूमामा दोन दिवस माझ्यावर रुसला. देवातसुद्धा हीच कथा. भैरोबा जमेना, मारुती जमेना, बजरंगबलीचं तर नावच काढायला नको. शेवटी हनुमान सापडला. कुस्ती, माती, मैदान, वस्ताद हे चार शब्द बिनधोक निघाले तेव्हा मला घबाड मिळाल्यासारखं झालं. पैलवानाला ‘वाघ’ म्हणायचं ठरलं.

मी लिहायचे, आण्णा म्हणून बघायचे. अडलं की खोडायचं. शेवटी जे तयार झालं ते मला अजून पाठ आहे.

‘मायबाप हो, नमस्ते. आज मी उभा आहे तो तुमच्या मायेनं. ही माती माझी आई. हे मैदान माझं गाव. कुस्ती हाच माझा देव. वस्ताद आणि वाघ, या दोघांच्या सेवेत माझं आयुष्य सोनं. माझी काही चूक, त्याची माफी असावी. आता नवा आवाज ऐका. त्याचंही कौतुक होवो. जय हनुमान.’

‘आणि’चं त्यांनी आपोआप ‘आनि’ केलं. ते गोठ्यात म्हशीसमोर म्हणायचे. म्हशीनं कधी तक्रार केली नाही. अक्षर न् अक्षर स्पष्ट येत होतं आणि मी हवेत तरंगत होते.

"कसं वाटतंय?" मी आईला विचारलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. मग परात पुढं ओढत म्हणाली, "कुनाचं हाय?"

"म्हणजे काय? आण्णांचं."

"व्हय, व्हय," आई म्हणाली आणि पीठ मळायला लागली.

मैदानात बायका बसत नाहीत. पण सत्काराच्या मानानं त्या वर्षी आम्हा दोघींना स्टेजच्या मागच्या अंगाला खुर्च्या मिळाल्या. आण्णांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं होतं. निघताना मी पाटी पिशवीत टाकायला गेले, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून भिंतीतल्या देवळीत ठेवली. "आज नको," म्हणाले.

मैदान भरून वाहत होतं. झाडांवर, कौलांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर, जिथं बघावं तिथं माणूस. लाल माती पाणी मारून, ताक-हळद घालून तयार केलेली. लहान गटाच्या कुस्त्या झाल्या आणि सत्कार जाहीर झाला. तात्यांनी फेटा बांधला, शाल घातली. आण्णा माईकसमोर उभे राहिले. त्यांचा हात धोतराच्या सोग्यावर घट्ट आवळलेला मला मागून दिसत होता.

"मायबाप हो, नमस्ते."

सगळं भाषण अडखळल्याशिवाय झालं. एक अक्षर घसरलं नाही. कुणी हसलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिस्तीत, शाळेत पाहुण्यांच्या भाषणाला वाजवतात तशा. माझ्यामागं कुणीतरी म्हणालं, "बोलला की बाबा, बरं झालं." दुसरा म्हणाला, "व्हय, चांगलं लिवून दिलंय कुनीतरी."

मी आईचा हात दाबला. "जमलं गं!"

आई आण्णांकडे बघत होती. त्यांनी धैर्यशीलच्या हातात माईक दिला आणि ते खुर्चीत बसले. फेटा डोक्यावर तसाच, शाल खांद्यावर, आणि चेहरा असा, की माणूस स्वतःच्याच तेराव्याला जेवून आला आहे. ज्याच्यासाठी इतका आटापिटा केला ते झालं होतं, आणि ते बघून मला रडू यायला लागलं. का ते तेव्हा कळत नव्हतं.

धैर्यशीलनं मैदान छान चालवलं. एकेक जोड सुटत गेली. ऊन कललं तसं शेवटच्या कुस्तीची वेळ झाली. एका बाजूला साताऱ्याकडचा एक दांडगा पैलवान होता, तो आधीच मातीत उतरून शड्डू ठोकत होता. दुसऱ्या बाजूचा पैलवान रणजित ठोंबरे, डोंगरवाडीचा. तो रिंगणाच्या कडेला अंगावर टॉवेल घेऊन बसला होता.

"आणि आता येत आहे," धैर्यशीलचा आवाज घुमला, "कोल्हापूरच्या नामांकित तालमीचा पठ्ठ्या, पैलवान रणजित ठोंबरे!" त्या तालमीच्या वस्तादांचंही नाव त्यानं मोठ्या मानानं घेतलं.

सिदूमामानं हलगीवर हात उचलला, पण वाजवली नाही. पैलवान उठला की हलगी, असा रिवाज. रणजित उठलाच नव्हता. त्यानं डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला.

धैर्यशीलनं पुन्हा पुकारलं. रणजित जागचा हलला नाही. गर्दीतून शिट्ट्या सुरू झाल्या. "भ्याला रे भ्याला!" "कुस्ती सोडली!" साताऱ्याचा पैलवान मांड्या थोपटत फेऱ्या मारत होता.

रणजितच्या बरोबरचा एक माणूस स्टेजपाशी धावत आला. "वस्तादाचं नाव चुकलंय. पैलवान उठायचा न्हाई."

"चुकलं कुठं?" धैर्यशील गोंधळला. "कागदावर हेच आहे. कोल्हापूरला असतो ना तो?"

"आता असतो. पर पयला लंगोट कुनी बांदला? मैदानात त्येचं नाव घ्यायचं असतंय. म्हातारा गेला ह्या माघात. त्येच्या माघारी आज पयलं मैदान हाय पोराचं."

"मग काय नाव त्यांचं?"

तो माणूस कोल्हापूरहून आलेला. त्यानं हात पसरले. "आमी त्येला नुसतं म्हातारा वस्ताद म्हनायचो बगा. पोरगं तर त्वांडच उघडंना."

"आरं, कुनाचं बी घे आनि उरक," तात्या मागून ओरडले. "मानसं उठाय लागली!"

तेव्हा आण्णा खुर्चीतून उठले. त्यांनी धैर्यशीलची बाही धरली आणि त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं.

"काय आण्णा?"

आण्णांनी पुन्हा सांगितलं. धैर्यशीलनं कान अगदी तोंडाजवळ नेला. त्या पोराच्या कपाळावर घाम होता आणि त्याची खरोखर इच्छा होती की आपल्याला कळावं. "पुन्हा सांगा आण्णा. माफ करा, पण पुन्हा सांगा."

मागं माझ्या खुर्चीपर्यंत पुसट येणाऱ्या आवाजावरूनही मला कळलं होतं. मी खुर्चीतून उठले. चार पावलं टाकली असती तर झालं असतं. पण मागून पदर ओढावा तशी माझी ओढणी कुणीतरी ओढली.

"बस खाली," आई म्हणाली.

"आई, त्याला कळत नाहीये ते काय म्हणताहेत!"

"त्येला न्हाई कळत. ज्येला कळाय पायजे त्येला कळंल. बस म्हनते ना!"

मी बसले. आई ओढणी सोडायला तयार नव्हती.

आण्णांनी धैर्यशीलच्या हातातून माईक घेतला. हिसकावला नाही, आपलीच वस्तू उचलावी तसा घेतला. फेटा काढून खुर्चीवर ठेवला. आणि बोलले.

डोंगरवाडीचा रणजित ठोंबरे, वस्ताद धोंडिराम लाड यांचा पठ्ठ्या.

मी इथं लिहिलं ते तुम्ही वाचलंत. मैदानानं हे ऐकलं नाही. मैदानानं ऐकले फक्त हुंकार, मध्ये धाप आणि ओला घोळ. आम्ही महिनाभर ज्यांना चुकवत आलो होतो तीच अक्षरं त्या एका ओळीत पावलापावलाला दबा धरून बसली होती. गाव तसं, पोरगा तसा, वस्ताद तर सगळ्यात तसा. त्यातल्या एकालाही दुसरा शब्द नव्हता. ‘वाघ’ म्हणून भागणार नव्हतं.

मागच्या बाजूला काही पोरं फिदीफिदी हसली. एकानं आण्णांसारखा आवाज काढला. आईनं माझी ओढणी मुठीत आणखी आवळली, आता धरायला आधार तिलाच हवा होता.

आण्णा थांबले नाहीत. त्यांनी श्वास घेतला आणि तेच पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, त्यांच्या जुन्या चालीत. गावावर हेल, नावापाशी दम, आणि वस्तादाचं नाव घेताना आवाज चढत चढत वर नेऊन सोडलेला. अक्षरं मोडकी होती, पण चाल सगळी जागच्या जागी होती.

रणजितच्या डोक्यावरचा टॉवेल खाली आला.

त्यानं स्टेजकडे पाहिलं. पोरगा पंचविशीचा, मान बैलासारखी, आणि डोळे भरलेले. तो उठला. टॉवेल टाकून मातीत उतरला, वाकून चिमूटभर माती कपाळाला लावली आणि आण्णांकडे बघून हात वर केला.

सिदूमामानं हलगीवर अशी थाप दिली, की मला वाटलं कातडं फाटणार. मग मैदान उठलं. नक्कल करणाऱ्या पोराच्या मुस्काटात कुणीतरी ठेवून दिली, तोही आवाज आला. माणसं ओरडत होती, "सांगा आण्णा, सांगा!"

आणि आण्णांनी कुस्ती सांगितली. पट, ढाक, कलाजंग, पोकळ घिस्सा, कुठल्याच डावाला त्यांनी बगल दिली नाही. निम्मं कळत नव्हतं. पण माणसांच्या समोर कुस्ती चालली होती आणि कानावर आण्णांचा हेल पडत होता, बाकीचं ज्यानं त्यानं आपापलं भरून घेतलं. शेजारी उभा राहिलेला धैर्यशील तोंडाचा आ करून ऐकत होता.

रणजित हरला. हे सांगायलाच हवं. साताऱ्याचा पैलवान त्याच्यापेक्षा जड होता आणि चांगला होता. त्यानं त्याला स्वच्छ चीत केलं. आण्णांनी तेही सांगितलं आणि जिंकणाऱ्याचंही गाव, नाव, वस्ताद सगळं रीतसर घेतलं.

माणसं पांगायला लागली. रणजित मातीनं माखलेला तसाच स्टेजवर आला. आण्णांच्या पाया पडला, आणि उठेनाच. आण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"हारलो, आण्णा."

आण्णांनी मान हलवली. असू दे, असं काहीतरी म्हणाले.

"एक मागू का?" तो म्हणाला. "आनि एकदा नाव घ्या की."

"तुझं?" धैर्यशीलनं विचारलं.

"माजं काय करायचंय? वस्तादांचं. कोल्हापुरात कुनाला ठावं न्हाई. ह्या मैदानात तुमच्याबिगर कुनी घेतलं न्हाई. त्यो म्हातारा गेल्यापास्नं मी त्येचं पुरं नाव आज पयल्यांदा ऐकलं."

धैर्यशीलनं माईक पुन्हा आण्णांच्या पुढं धरला. मैदान निम्मं रिकामं होतं. पोरं मातीत कोलांट्या मारत होती, शेंगदाणेवाले टोपल्या आवरत होते. आण्णांनी घसा खाकरला आणि नाव घेतलं. अगदी सावकाश. जिथं जीभ पोचत नव्हती तिथं ते थांबले, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नाही आलं, तरी पुढं गेले, एकही अक्षर गाळलं नाही. रणजित डोळे मिटून, हात जोडून ऐकत होता, आणि त्याच्या तोंडावरच्या मातीतून पाण्याच्या रेघा उतरत होत्या.

मी मागे खुर्चीत बसून ढसाढसा रडत होते. मी आईकडे पदर मागितला, पण तिनं दिला नाही. तिचा तिलाच पुरत नव्हता.